घरातला कचरा आणि शेजारधर्म

(अहिल्यानगर येथील एका वसाहतीच्या कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला आजचा विषय सांगितला तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडा संकोच होता. इतिहासावर बोला, संस्कृतीवर बोला, असे वक्त्याला सांगणे सोपे असते. कचऱ्यावर बोला असे सांगताना त्याचा मान कमी होईल की काय, अशी शंका मनात येते. मला मात्र यात काही उणे वाटले नाही. ज्या महाराष्ट्रात संत गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहण्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडत, त्या महाराष्ट्रात हा विषय हलका ठरूच शकत नाही. संध्याकाळचे कीर्तन हा सकाळी झाडलेल्या रस्त्याचाच पुढचा भाग आहे, असे त्यांच्या वागण्यातून दिसे. आपण कीर्तन लक्षात ठेवले आणि खराटा सोयीस्करपणे विसरलो.

आपल्या घरातली रोजची सकाळ डोळ्यांसमोर आणा. घंटागाडीचे गाणे ऐकू येते, कोणीतरी घाईने डबा घेऊन जातो, गाडीत उपडा करतो आणि परत येऊन दार लावतो. दार लावले की कचरा ‘बाहेर गेला’. या ‘बाहेर’ शब्दाशी आज मला थोडे भांडायचे आहे. घराच्या बाहेर गल्ली असते, गल्लीच्या बाहेर शहर असते आणि शहराच्या बाहेर कोणाचे तरी गाव असते. नगर शहरापुरते बोलायचे तर ते गाव म्हणजे बुरुडगाव. महापालिकेचा कचरा डेपो तेथे आहे, आणि तेथील ग्रामस्थांना दुर्गंधी, माश्या, धूर आणि विहिरींच्या पाण्याची चिंता यांपायी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. सावेडीच्या डेपोला लागलेल्या आगींचा धूर तर आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या गच्चीवरून पाहिला आहे. 2011 च्या जनगणनेत नगर महापालिकेची लोकसंख्या साडेतीन लाख होती. एवढ्या लोकांच्या स्वयंपाकघरांतील उष्टे-खरकटे एका गावाच्या शिवारात नेऊन ओतावे आणि त्याला ‘व्यवस्था’ म्हणावे, हे आपल्या नीतीत कोठे बसते?

गाव सोसते, सोसते आणि एक दिवस रस्त्यावर उतरते. आपल्यापासून अवघ्या दोन-अडीच तासांच्या अंतरावर हे घडले आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नारेगावच्या परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा त्यांच्या उशाशी पडत होता. रोज सुमारे 400 टन कचरा निर्माण करणारे ते शहर एका रात्रीत उघडे पडले. चौकाचौकांत, दवाखान्यांसमोर, शाळांच्या भिंतींना लागून ढीग साचले. नवी जागा शोधत गाड्या मिटमिट्याकडे वळल्या, तेव्हा तेथे दगडफेक आणि लाठीमारापर्यंत वेळ आली. प्रश्न न्यायालयात गेला. लक्षात घ्या, त्या दिवसांत शहरातल्या कोणत्याही घराने वेगळे काही केलेले नव्हते. सर्वांनी रोजच्यासारखाच डबा रिकामा केला होता. फक्त ‘बाहेर’ नावाची जागा संपली होती.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी घराला परसदार असे आणि परसात उकिरडा असे. शेण, राख, पालापाचोळा, भाजीचे देठ, गोठ्यातले गवत, सारे तेथे पडे आणि पेरणीच्या आधी बैलगाडीतून शेतात जाई. ‘उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात’, असे आपण म्हणतो. शेतकऱ्याच्या घरी मात्र ते दरवर्षी फिटत असत. टाकाऊ म्हणून घराबाहेर पडणारी वस्तू जवळजवळ नव्हतीच.

या परंपरेला शास्त्रीय बैठक मिळाली तीही आपल्या जवळपास. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संस्थेत काम करीत होते. भारतातील आणि चीनमधील शेतकऱ्यांच्या पद्धती अभ्यासून त्यांनी कंपोस्टची जी रीत सिद्ध केली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, वाडांचे फार थोड्यांना. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाकीत खत करण्याची पद्धत बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात आणि कृषी विभागाच्या माणसाला आजही तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळ्यावर गच्चीत भाजीपाला आणि फळे पिकविण्याचा ध्यास घेतला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हा खरकट्यापासून गॅस आणि खत देणारा प्रकल्प उभा केला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरगुती खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र केले, त्याला 2006 साली ॲशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ही नावे मी अभिमानाने घेतली खरी, पण ‘सारे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून छाती फुगविण्यात अर्थ नाही. होते, आणि आपण ते टाकून दिले, हा त्यातला बोचणारा भाग आहे. परसदार गेले, सदनिका आल्या, हे मान्य. पण सदनिकेत गेलेल्या माणसाची भाजी अजून शेतातूनच येते. देठ मात्र शेतात परत जात नाहीत.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही तूट फार महाग आहे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरांत मुसळधार पाऊस आणि पूर्व-दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे पर्जन्यछायेचा टापू. प्रवरेच्या कालव्यावरच्या बागायतीत वर्षानुवर्षे रासायनिक खतांचा मारा, आणि कोरडवाहू पट्ट्यात शेणखताची टंचाई. राज्यातील अनेक कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे, हे आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील कोणीही प्राध्यापक सांगेल. कर्ब कमी झाला की जमीन पाणी धरून ठेवत नाही, आणि ज्या मुलखात पाऊस मोजून पडतो तेथे पाणी न धरणारी जमीन म्हणजे फुटका रांजण. अशा जिल्ह्यातील शहरे रोज जमिनीचे अन्न प्लास्टिकमध्ये मिसळून जाळतात, कुजवतात. याला कचऱ्याचा प्रश्न म्हणावे की उधळपट्टीचा, हे तुम्हीच ठरवा.

थोडा हिशोब करू. हिशोब माझा आहे, पण तो आपल्यापैकी कोणीही घरच्या वजनकाट्यावर पडताळून पाहू शकेल. चार माणसांच्या घरात दिवसाकाठी साधारण पाऊणशे तोळे, म्हणजे 700 ते 800 ग्रॅम ओला कचरा निघतो: भाजीची साले, चहाचा चोथा, उरलेली पोळी, फळांच्या बिया, निर्माल्य. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक वजन ओल्याचेच असते. 100 घरांच्या वसाहतीत 700 ग्रॅमच धरले तरी रोजचे 70 किलो झाले. वर्षाचे 25 टन. कुजून त्याचा चौथा-पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे 5 ते 6 टन खत. हे 25 टन आज डिझेल जाळून बुरुडगावी जातात. तेथे ढिगाच्या पोटात हवेविना कुजतात आणि त्यातून मिथेन निघतो. हा वायू उष्णता धरण्याच्या बाबतीत शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट भारी असतो. डेपोंना आगी लागतात आणि त्या विझता विझत नाहीत, त्याच्या मुळाशी बऱ्याच वेळा हाच वायू असतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी खाली भूजलात उतरते ते वेगळेच.

हेच 70 किलो आपल्या आवारात जिरविण्यासाठी किती जागा लागेल? 10 फूट लांब, 4 फूट रुंद आणि 3 फूट उंच अशा चार जाळीदार विटांच्या टाक्या. मध्ये वावरायला वाट धरली तरी दोन मोटारी उभ्या राहतात तेवढीच जागा. एक टाकी भरायला महिना-सव्वा महिना लागतो. चौथी भरेपर्यंत पहिलीतील खत तयार होते. चक्र असे फिरत राहते. आपल्या वसाहतीत मोटारींसाठी किती जागा आहे, ते मी आत येताना पाहिले आहे.

आता ज्या शंका मनात आहेत त्यांविषयी बोलतो, कारण बहुतेक प्रयोग शंकांपाशीच थांबतात.

पहिली शंका वासाची. खताला वास येत नाही. हवा न मिळालेल्या कचऱ्याला वास येतो. स्वयंपाकघरातला कचरा ओलसर आणि नत्राने भरलेला असतो. त्याला कर्बाची, म्हणजे कोरड्या, काष्ठमय पदार्थाची जोड लागते. नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग असा मेळ बसला की जिवाणू आनंदाने कामाला लागतात, ढीग हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्या उष्णतेत तणांचे बी व रोगजंतू मरतात. कोरडा पदार्थ कोणता? सुकलेला पाला, सुताराकडचा भुसा, नारळाच्या शेंड्यांचा चुरा. आणि आपल्या जिल्ह्याला तर ऊसतोडणीनंतरच्या पाचटाचा प्रश्न सतावतो. शेतकरी ते पेटवून देतात आणि आपण शहरात कोरडा पदार्थ मिळत नाही म्हणून रडतो! चार गल्ल्यांनी मिळून एका ट्रॉलीभर पाचटाची सोय लावली तर वर्षभराची बेगमी होईल. नियम साधा ठेवा: ओल्या कचऱ्याचा एक थर पडला की त्यावर कोरड्याचा थर, जेणेकरून वरून पाहणाऱ्याला साल किंवा देठ दिसताच कामा नये. माशीलाही ते दिसत नाही.

दुसरी शंका ओलाव्याची. मूठभर मिश्रण घट्ट आवळावे. बोटांच्या फटीतून पाण्याचा एखादा थेंब दिसला तर ठीक. धार लागली तर कोरडा पाला वाढवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुसराच प्रकार घडतो. ढीग वाळून पडतो आणि लोक म्हणतात, खत होतच नाही. वाळलेल्या ढिगात जिवाणू झोपी जातात, एवढेच. ताक थोडे आंबवून, गुळाच्या पाण्यात मिसळून शिंपडले की ते पुन्हा उठतात. बाजारातली महागडी विरजणे आणण्याआधी घरचे ताक आणि मूठभर जुने खत वापरून पाहावे.

तिसरी शंका अळ्यांची, आणि ही सर्वांत मोठी. पांढरट-तपकिरी अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो आणि डबा थेट गाडीत जातो. या बहुधा सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवीत नाहीत, उलट कचरा भराभर संपवितात. त्या दिसल्या याचा अर्थ ढीग थोडा ओला झाला आहे. कोरडा थर वाढवा, त्या कमी होतील. उंदीर-घुशींसाठी तळाला आणि जाळीला बारीक तारेची जाळी लावावी लागते, आणि मांस-मच्छीचे अवशेष किंवा तेलकट रस्सा पहिल्या वर्षी टाकीत घालू नये. हात बसला की पुढचे पुढे.

चौथी शंका ‘वेळ नाही’ ही. तिला माझ्याकडे उत्तर नाही. देठ एका डब्यात आणि दुधाची पिशवी दुसऱ्या डब्यात टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा दोन्ही एकाच डब्यात टाकायलाही लागतो. येथे बसलेल्या पुरुषमंडळींना एक विनंती: हे काम गृहिणीच्या खात्यावर लिहून मोकळे होऊ नका. टाकीपर्यंत डबा नेणे, आठवड्यातून एकदा मिश्रण हलविणे, पाचट आणणे, खत चाळणे, ही अंगमेहनतीची कामे आहेत आणि ती वसाहतीतील तरुणांनी पाळीपाळीने अंगावर घ्यावीत.

सुक्या कचऱ्यासाठी फार बोलावे लागत नाही. कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, कडक प्लास्टिक यांना भंगारवाल्याकडे भाव आहे. कोरडे आणि स्वच्छ असले तरच. आमटी सांडलेल्या वर्तमानपत्राला रद्दीचा भाव मिळत नाही. दुधाची पिशवी विसळून वाळत घाला, आणि कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नका. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, गटारात मात्र जातो. 2018 साली राज्याच्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला पन्नास पैसे परत देण्याची तरतूद होती. ती प्रत्यक्षात रुळली असती, तर दुधाच्या या जिल्ह्यात एकही पिशवी रस्त्यावर दिसली नसती. कुरकुरे-वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना कोणीच विचारत नाही, त्यांच्यावर एकच उपाय: कमी आणणे.

एका गोष्टीवर मात्र थांबून बोलले पाहिजे, आणि ती बोलताना मला संकोच वाटत नाही. आपण मिसळून दिलेला कचरा शेवटी कोणाला तरी हातांनीच निवडावा लागतो. फुटलेली काच, इंजेक्शनची सुई, लहान मुलांचे डायपर, वापरलेले सॅनिटरी पॅड, सारे कोणाच्या तरी उघड्या हातांखालून जाते. ते हात कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. समरसतेचे विचार आपण मंचावरून ऐकतो, त्यांना दाद देतो आणि सकाळी तोच डबा उपडा करतो. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि 2008 पासून याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलू लागली. या भगिनींनी मागितले काय, तर पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका द्या. उघडून पाहण्याची वेळ आमच्यावर आणू नका. एका ठिपक्याचे काम आहे. विचारांचे अंतर कितीही असो, हे मागणे नाकारण्याला कोणतेही कारण असू शकत नाही. औषधांच्या बाटल्या, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, पारा असलेले तापमापक हेही वेगळ्या खोक्यात साठवावे.

कायद्याचे म्हणाल तर तो कधीच पुढे गेला आहे. अलमित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, 2000 साली देशासाठी पहिले नियम आले, आणि 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन प्रत्येक नागरिकावर घातले. 2017 पासून राज्य शासनाने शहरांतील खतासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही नाममुद्राही दिली. नियम आहेत, गाड्यांमध्ये दोन कप्पेही आहेत. अनेक ठिकाणी गाडीत कप्पे दोन आणि घरात डबा एक, अशी स्थिती आहे.

मग यश कोठे आले? सिंधुदुर्गातील वेंगुर्ले हे जेमतेम बारा हजार वस्तीचे गाव. 2015 नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तेथील नगरपरिषदेने कचरा वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला, एकदोन प्रकारांत नव्हे तर वीसहून अधिक प्रकारांत. ओल्याचा बायोगॅस आणि खत, सुक्या पाल्याच्या कांडी-विटा, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जेथे पूर्वी नाक दाबून जावे लागे, त्या कचरा डेपोच्या जागी आज बाग आहे आणि बाहेरगावचे लोक ती पाहायला येतात. यंत्रे तेथे साधीच होती. वेगळा केलेला कचरा आत येत होता, म्हणून ती चालली. मिश्र कचऱ्यापुढे कोट्यवधींची यंत्रे गंजून पडल्याची उदाहरणे देशात सर्वत्र आहेत.

पण वेंगुर्ले दूर आहे, म्हणून आपल्याच जिल्ह्याकडे येऊ. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी 1975 नंतर जे उभे केले, त्यात सामुदायिक शौचालयांना जोडलेला गोबरगॅसही होता. हिवरे बाजार तर या शहरापासून घटकाभराच्या अंतरावर. 1989-90 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ते गाव दुष्काळ, व्यसन आणि भांडणे यांनी पोखरलेले होते. त्या गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, नशाबंदी केली, श्रमदान केले, आणि पुढे शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, ऊस-केळी घ्यायची नाही, असे नियम स्वतःवर घालून घेतले. आपण पाहायला जातो आणि तळी, झाडे, बंधारे पाहून येतो. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते ग्रामसभेत वर्षाचे पाणी मोजून पीक ठरविण्याची रीत. एखाद्याच्या शेतात पाणी असूनही तो ऊस लावीत नाही, कारण गावाने ठरविले आहे. ऊस न लावण्यापेक्षा देठ वेगळ्या डब्यात टाकणे किती सोपे! आणि तरीही ते शहरात होत नाही, कारण शहरात गल्लीची सभाच होत नाही.

येथे कार्यकर्त्यांना दोन शब्द. आपण 2 ऑक्टोबरला झाडू घेऊन रस्त्यावर उतरतो, छायाचित्रे निघतात, दोन ट्रॉल्या कचरा उचलला जातो. तो जातो कोठे, हे विचारले का? संत गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये सुरू झाले आणि त्याने मोठी जागृती केली, हे खरेच. पण समिती येण्याच्या दिवशी आरशासारखी चकाकणारी आणि पंधरा दिवसांनी पूर्ववत झालेली गावे आपण पाहिली आहेत. मोहिमेला उत्साह लागतो, तो आपल्याकडे भरपूर आहे. रोजच्या डब्याला नेम लागतो. ज्याने वर्षभर पहाटेचा नेम चुकविला नाही, त्याला हे अवघड जाऊ नये.

कचरा कमी करण्याचे बरेचसे काम आपल्या सणा-समारंभांतच आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, चमचे वाटले जातात, आणि रथसप्तमीपर्यंत त्यांतील निम्मे मोडतात. त्याऐवजी कापडी पिशवी, भाजीच्या बियांची पुडी, किंवा मूठभर तयार खत दिले तर? गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला थर्माकोलची ताटे गेली, त्यांच्या जागी प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या कागदी ताटल्या आल्या, ज्या ना कुजतात ना विकल्या जातात. मंडळाने एकदाच 200 स्टीलची ताटे-वाट्या घ्याव्यात आणि वसाहतीत कोणाच्याही घरी बारसे, मुंज, वाढदिवस असला की ती विनामूल्य द्यावीत. घासायचे कोणी, हा प्रश्न येईल. जेवणाऱ्याने आपले ताट आपण घासावे. शिबिरांत आपण तेच करतो. खऱ्या पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर त्या थेट टाकीत जातील. निर्माल्य नदीत किंवा तळ्यात सोडण्यापेक्षा मातीत जिरविण्यात अधिक भक्ती आहे, असे माझे मत आहे. फुलांना गुंडाळलेला दोरा आणि चमकी मात्र काढून घ्या.

आपल्या वसाहतीने काय करावे, ते अगदी व्यवहाराने सांगतो. पहिला महिना टाकी बांधूच नका. फक्त दोन डबे. दर दहा घरांमागे एक दांपत्य नेमा. त्यांनी टीका न करता, दारोदार जाऊन डबे पाहावेत आणि चुकलेले हसतमुखाने दाखवून द्यावे. मिश्र डबा परत करण्याची मुभा घंटागाडीच्या सेवकाला द्या, आणि तो परत केला तर त्याच्याशी वाद घालणार नाही, असे सभेत ठरवा. लहान मुलांना या कामात घ्या. आजोबांचा डबा तपासायला नातवासारखा अधिकारी नाही. शंभरापैकी सत्तर-ऐंशी घरे नेमाने वेगळे करू लागली की मग विटा आणा. उलट क्रमाने केलेल्या टाक्या मी बऱ्याच ठिकाणी पाहिल्या आहेत. त्यांत आता पत्त्यांचे जुने जोड आणि बाटल्या असतात.

पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करू नका. नवख्यांच्या हातून पहिली टाकी चिखल होते आणि उत्साह विरतो. पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमारास पहिली टाकी भरायला घ्या, वर पत्र्याचे छप्पर असू द्या. पहिले खत माघ-फाल्गुनात हाती येईल, काळेभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेले. थोडे कुंड्यांना ठेवा. उरलेले एका ट्रॉलीत भरून बुरुडगावच्या शेतकऱ्यांना नेऊन द्या. इतकी वर्षे आपण तेथे जे पाठविले, त्याच्याबरोबर कोणी गेले नव्हते. या वेळी चार माणसांनी बरोबर जावे आणि त्यांच्याशी बोलून यावे.

फाल्गुनातच कडुनिंबाची पानगळ सुरू होते. त्या पानांना काडी लावू नका, पोत्यांत भरून टाकीशेजारी कोरड्या जागी रचून ठेवा. पंचवीस-तीस पोती जमली की पावसाळ्यापर्यंत पुरतील. आपल्या आवारात मागच्या भिंतीला सात कडुनिंब आहेत, मी मोजले.

काही प्रश्न असतील तर विचारावेत.